मागच्या खोलीतली गाडी

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (अक्षरशः वाकून. सध्या मला ताठ उभं राहता येत नाही, पाठ धरली आहे. का धरली ते ओघात येईल.) भाऊजींचा गुडघा काय म्हणतो, मुलं अभ्यास करतात की अजून तुझ्यावरच गेली आहेत, हे सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझी भावजय ठीक. दुकान ठीक, लोकांना कमी दिसतंय तोवर चष्म्याच्या दुकानाला मरण नाही. आईची तब्येत तर गेल्या कित्येक वर्षांत नव्हती इतकी चांगली आहे. गालांवर रंग आलाय. सध्या ती बाहेर गेली आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो.

फोन का नाही केला असं तू विचारशील. फोनवर हे सांगायला लागलो असतो तर तू तिसऱ्या वाक्याला मला थांबवून भावजयीला फोन द्यायला लावला असतास, आणि तिने तुला सांगितलं असतं की होय, ताई, हे खरं आहे. पत्राला मध्येच अडवता येत नाही. तर विषय आईचा आहे. बाबा तिला घेऊन जातील अशी मला भीती वाटते. हे वाक्य मी चार प्रकारे लिहून पाहिलं, ते चारही प्रकारे असंच दिसलं, म्हणून शेवटी सरळ लिहिलं. बाबांना जाऊन वर्ष होत आलं हे मला माहीत आहे. ते मला समजावून सांगू नकोस, भावजयीने सांगून झालं आहे. (माझे डोळेही मी तपासून घेतले, दुकानातल्या दुकानात, दोनदा. दोष नाही.)

तू लग्न होऊन लवकर सुटलीस, त्यामुळे बाबांच्या उत्तरार्धाची तुला तशी कल्पना नाही. तू असताना ते फक्त गल्लीतल्या गाड्या दुरुस्त करायचे. कचेरीतून यायचे, शर्ट खुंटीला, आणि माणूस अंगणात गाडीखाली. तू गेल्यावर लोक लांबून गाड्या ढकलत आणायला लागले. बाबांना सुटे भाग विकत आणणं माहीतच नव्हतं. लागणारा भाग घरातच कुठेतरी असतो, फक्त तो सध्या दुसरं काहीतरी काम करत असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पेट्रोल त्यांनी चहाच्या गाळणीने गाळलं आणि गाळणी परत जागेवर ठेवली. चहा प्यायला कुणी कुरकुर केली नाही, कारण पहिला कप बाबांनीच संपवला आणि जरा बरा लागतोय म्हणाले. बेकरीवाल्याच्या गाडीचा रेडिएटर गळायला लागला तो त्यांनी अंड्याच्या पांढऱ्याने बंद केला आणि आम्ही किती दिवस नुसतं पिवळं खात होतो. डॉक्टरांच्या गाडीचं दार चालताना उघडायचं, त्याला आपल्या न्हाणीघराची कडी लागली. तेव्हापासून डॉक्टर गाडीत बसले की आतून कडी लावायचे, आणि आपल्या न्हाणीघरात जाणारा माणूस बाहेर येईपर्यंत खोकत बसायचा. उलट दिशेनेही तसंच. घराची घंटा म्हणजे कुठल्याशा ट्रकचा हॉर्न आहे. स्वयंपाकघराची खिडकी अजूनही हँडल फिरवून खाली घ्यावी लागते. पाहुण्यांना आम्ही ते आधी दाखवतो, मग पाणी देतो.

एक गोष्ट तुलाही आठवत असेल. गाडी उघडली की निघालेला प्रत्येक नट बाबा घासायचे, पुसायचे, त्याच्या वॉशरसकट आईच्या वाटीत ठेवायचे. एका जागेचे नट एका वाटीत. जेवताना वाटी कमी पडली तर आई कपात आमटी द्यायची. ही सवय लक्षात ठेव. पुढे मला त्याच सवयीने घाम फोडला.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेकमध्ये हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पायाने ब्रेक दाबतो, दुसरा खाली चाकापाशी नट सैल करतो, नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात, नट आवळतो, मग वरच्याने पाय सोडायचा. बाकी सगळी कामं बाबा एकटे करायचे. गाडी एकट्याने ढकलायचे, इंजिन एकट्याने उतरवायचे, झाडाला दोर बांधून. ब्रेकला मात्र आईला हाक जायची. आई हातातलं टाकून यायची, पदराला हात पुसायची आणि दुसऱ्याच्या गाडीत चालकाच्या जागेवर बसायची. खालून आवाज यायचा, दाब. मग, धर. मग, सोड. चारही चाकं होईपर्यंत हेच. आपल्या आईवडिलांचं एकमेकांशी जे काही बोलणं झालं असेल त्यातलं निम्मं या तीन शब्दांत झालं असावं, आणि त्यात भांडण झाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

तर एका दुपारी डॉक्टरांच्या गाडीचे ब्रेक झाले, बाबा खालून बाहेर आले, आणि आई गाडीतून उतरलीच नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर भिंतीकडे बघत बसली. म्हणाली, "इतक्या गाड्यांत बसले. एक गाडी कुठे गेली नाही." बाबांनी फडकं उचललं. हात पुसत राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाडीतलं काही ना काही मागे राहायला लागलं, आणि ते तुझ्या जुन्या खोलीत, म्हणजे मागच्या खोलीत, जायला लागलं. बेकरीवाल्याचं जुनं बोनेट. डॉक्टरांचं न लागणारं दार. शाळेच्या बसचं स्टीअरिंग, एवढं मोठं की आईला त्यातून पलीकडचं बघायला मान वाकडी करावी लागे. सगळं खिडकीतून आत घेतलं. कित्येक वर्षं ते जुळवत होते. आपल्या घरात काहीही न विचारण्याची पद्धत आहे, त्यामुळे आम्ही रोज त्या खोलीवरून जात होतो आणि विचारत नव्हतो. गाडी उभी राहिली तेव्हा भावजयीने दारात उभं राहून एकदा गाडीकडे आणि एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, ही बाहेर कशी काढायची?" बाबांनीही दाराकडे पाहिलं. मला वाटतं त्यांनी ते दार त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाले, "आधी गाडी. दाराचं नंतर बघू." भिंत पाडता येत नव्हती, तिच्यावर पाण्याची टाकी आहे. मग ती गाडी तिथेच राहिली, लाकडी ठोकळ्यांवर, बिनचाकांची, बिनइंजिनाची. बोनेटखाली रिकामी जागा होती तिथे आई थंडीची पांघरुणं ठेवायची. (डांबराच्या गोळ्या टाकून. कसर लागत नाही.)

बाबा कसे गेले हे तुला कळवलं होतं, पण तेव्हा सगळं कळवलं नव्हतं. ते अंगणात बेकरीवाल्याच्या गाडीखाली होते आणि ब्रेकचं काम चाललं होतं. दाब म्हणाले. धर म्हणाले. पुढे काही म्हणाले नाहीत. मी दुकानातून परत आलो तेव्हा आई पाय ब्रेकवर ठेवून बसली होती आणि तिच्या पायाला कंप सुटला होता. मला बघून म्हणाली, "अजून सोड म्हणाले नाहीत." खाली वाकून बघेपर्यंत मला काही कळलं नाही. आणि बघितल्यावर, तुला सांगतो, आईला पाय काढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी भावजयीने दोन्ही हातांनी तिचा पाय उचलून बाजूला ठेवला.

त्यानंतर आई दुपारची मागच्या खोलीत जाऊन गाडीत बसायला लागली. आम्ही म्हटलं बसू दे. माणूस गेल्यावर कुणी त्याच्या खुर्चीत बसतं, कुणी त्याचा शर्ट घालतं. आमच्याकडे गाडी होती. दार लोटून घ्यायची आणि तास दोन तासांनी डोळे नव्हे, हात पुसत बाहेर यायची. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. हाताला तेल असायचं.

एका सुट्टीच्या दुपारी मी दाराबाहेर उभा राहिलो. (मुद्दाम नाही. मुद्दामच.) आतून ब्रेक दाबल्याचा आवाज येत होता. तुला तो आवाज माहीत आहे. हवा असली की पाय खाली फरशीपर्यंत जातो आणि सुस्कारा टाकल्यासारखं होतं. दाबलं. थांबली. सोडलं. पुन्हा दाबलं. मी दार ढकललं. आई चालकाच्या जागेवर होती, मान जरा कलती, कान खाली लावलेला. डाव्या मागच्या बाजूला औषधाची बाटली होती, तिच्यात नळी सोडलेली होती, आणि नळीतून बुडबुडे येत होते. चाकापाशी कुणी नव्हतं. ते खरं तर चाकच नव्हतं, ठोकळा होता. नटावर पाना चढवलेला होता आणि तो पाना, ताई, पाव वळसा फिरला. मग आपल्या जागेवर परत आला. मी कोणताही आवाज ऐकला नाही. पण आईने पाय सोडला आणि एवढा मोठा श्वास टाकला की मला वाटलं खोलीतली हवाच गेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणाले एकदाचे." मी विचारलं काय म्हणाले. तर म्हणाली, "दार लाव, धूळ येते."

मी दार लावलं. अशा वेळी माणूस सांगितलेलं ऐकतो.

पुढचा आठवडा टायरांचा. आपलं घर चार टायरांवर चालतं, हे तुला टायर गेल्याशिवाय कळणार नाही. एक न्हाणीघराच्या पत्र्यावर होता, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून. एकात फुलझाड. एकावर पाण्याचं पिंप. एक झाडाला टांगलेला, त्यात सुट्टीत तुझी मुलं झोके घेत आणि मुलं नसताना मी. पहिल्यांदा पत्र्यावरचा गेला, आणि त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचे दगड नीट रचून ठेवलेले. मग फुलझाडाचा गेला. झाड शेजारी लावलेलं, आळं करून, पाणी घालून. पिंपाखालचा गेला तेव्हा पिंप भरलेलं होतं आणि थेंब सांडला नव्हता. शेवटी झोक्याचा गेला, दोर नीट गुंडाळून फांदीला अडकवलेला. भावजयीने शेजारच्या सरांचं नाव घेतलं. सर म्हणजे गाडी शिकवण्याचा वर्ग चालवणारे. तूही त्यांना ओळखतेस. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या बाजूला बसून त्यांच्या उजव्या पायाला सवय लागली आहे, समोरचा माणूस जरा भरभर बोलला तरी त्यांचा पाय आपोआप खाली दाबला जातो. भावजय त्यांच्याशी बोलली तेव्हा त्यांनी जवळजवळ फरशी फोडली. टायर त्यांनी घेतले नव्हते. पण जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या मागच्या खोलीत दुपारी कुणी गाडी शिकतं का?"

मी म्हटलं, "का हो?"

"भिंतीपलीकडून ऐकू येते. चालवणारा चांगला आहे. क्लच सावकाश सोडतो. आजकाल कुणाला एवढा धीर नसतो."

मी त्यांना सांगितलं की त्या गाडीला इंजिन नाही. सरांनी थोडा विचार केला, पाय दाबला, आणि म्हणाले, "तरीच आवाज कमी आहे."

दुसऱ्या सकाळी दुकानात जायला स्कूटरला किक मारली तर किक हवेत गेली. वाकून पाहिलं. इंजिन नव्हतं. बाकी स्कूटर जशीच्या तशी, पुसलेली. सीटवर वाटी होती. वाटीत नट होते, घासलेले, प्रत्येक आपल्या वॉशरसकट. मी आत आलो. पलंगावर थंडीची पांघरुणं घडी करून ठेवलेली होती. डांबराच्या गोळ्या एका वेगळ्या वाटीत. भावजयीने त्या वाट्यांकडे पाहिलं आणि त्या उचलून घासायला टाकल्या नाहीत, एवढंच सांगतो. ती बाई घरात कुणाचीही उष्टी वाटी क्षणभर पडू देत नाही.

तेव्हापासून मी चालत दुकानात जातो, आणि चालताना विचार करायला वेळ मिळतो. मी ठरवलं, हे थांबवायचं. स्टीअरिंग काढून दुकानात नेलं आणि चष्म्याच्या फ्रेमांच्या कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर तिथे एक वाटी, आणि स्टीअरिंग घरी गाडीवर. किल्ली लपवावी तर त्या गाडीला किल्ली नाही, ती चमच्याने सुरू होते, आणि चमचे लपवले तर आपण जेवायचं कशाने. मग मी कपड्यांचं मोठं कपाट ओढत नेऊन गाडीच्या नाकाला लावलं. ते लावताना पाठ धरली, ती ही. संध्याकाळी कपाट आपल्या जागेवर होतं, त्याच्या खालची कित्येक वर्षांची धूळ झाडलेली, आणि त्याचं कुरकुरणारं दार आता कुरकुरत नव्हतं. शेवटी मी स्वतः बोनेटपुढे उभा राहिलो. आई आत बसलेली होती आणि माझ्याकडे लहानपणी बघायची तशी बघत होती, जेवायला बोलावल्यावर मी झाडावरून उतरत नसे तेव्हाची. हॉर्न वाजला. बाबा वाजवायचे तसा, एकदाच, लाजल्यासारखा. आईचे दोन्ही हात मांडीवर होते. मी बाजूला झालो. पाठ अशी असताना उडी मारता येईल असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी दार लावून बाहेर उभा राहिलो आणि जरा वेळाने पुन्हा उघडलं तर खोली रिकामी होती. भिंत शाबूत. खिडकी शाबूत. दार तर माझ्याच हातात होतं. जमिनीवर चार ठोकळे बाजूला रचलेले आणि मधोमध तेलाचा एक डाग. मी त्याला हात लावला. गरम होता. पुढे काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी फडकं आणून डाग पुसला. भावजय म्हणाली, आता चहा करू. आम्ही चहा प्यायलो. दोघांनीही गाळणीकडे पाहिलं नाही.

दिवे लागायच्या आत दोघं परत आली. म्हणजे आई परत आली, आणि गाडी. केस वाऱ्याने विस्कटलेले. मी विचारलं कुठे गेली होतीस. म्हणाली वळणापर्यंत. त्या वळणापर्यंत, ताई, आई याआधी चालतही गेली नव्हती. तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उन्हाने लाल झाला होता. उजवा नाही. नीट विचार केलास तर तुझ्याही लक्षात येईल की गाडीत कुठल्या बाजूला बसलं की डावा हात खिडकीत येतो, आणि मग दुसऱ्या बाजूला कोण होतं. मी विचार करायचं थांबवलं आणि तिच्या हाताला साय लावून दिली.

तेव्हापासून ती रोज जाते. वळण, मग पूल, मग पुलापलीकडचं गाव, जिथून डॉक्टर गाडी ढकलत यायचे. परत येऊन सांगते, तिकडे रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं आहेत, एका माणसाने सगळ्या घराला निळा रंग दिलाय, एका ठिकाणी पाण्यात म्हशी होत्या आणि त्या हलल्याच नाहीत. मला तिचा हेवा वाटतो हे मी कबूल करतो. पण प्रत्येक खेपेला ती थोडी उशिरा येते. आणि प्रत्येक खेपेला तिला आपल्या घरातलं थोडं कमी आठवतं. परवा तिने भावजयीला विचारलं मीठ कुठे ठेवतेस. ते मीठ तिनेच तिथे ठेवलेलं आहे, तिच्या लग्नापासून.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाबा काही बोलतात का?"

"कुठले बोलतात. गाडी ऐकत असतात."

"तुला जायचंच आहे का, आई?"

"आत्ता कुठे गाडी चालायला लागलीये," ती म्हणाली. "अशात कुणी उतरतं का?"

"मग मीही येतो बरोबर."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझं वाईट वाटलं असावं. "मागे सीट नाही रे, बारक्या," ती म्हणाली. "त्यांनी दोघांपुरतीच केलीये."

मी नंतर जाऊन पाहिलं. खरंच नाही. इतकी वर्षं त्या गाडीवरून जाताना मी ते पाहिलं नव्हतं. मागे नुसता पत्रा आहे, आणि तो काय सुंदर घासलेला आहे.

तर असं सगळं आहे. माझं मागणं काही नाही. मोठ्या बहिणीला घरची हकीकत कळवावी म्हणून लिहिलं. भाऊजींना नमस्कार, मुलांना पापे, त्यांना यातलं काही वाचून दाखवू नकोस. वाचून दाखवलंस तर टायरांपर्यंत थांब. तुझ्या पत्राची वाट पाहतो असं लिहायची पद्धत आहे, पण सध्या मी दुसरीच वाट पाहतो आहे.

तुझा,
बारक्या

ता. क. पत्राच्या सुरुवातीला आई बाहेर गेली आहे असं लिहिलं, ते खरं आहे. फक्त ती काल सकाळी गेली. अजून आली नाही. खोलीत डाग नाही. ठोकळेही नेले आहेत. तिने चांगल्या चपला घातल्या होत्या, पाण्याची बाटली घेतली होती, आणि जाताना भावजयीला तुझ्या घराचा पत्ता विचारला. हॉस्पिटलात, पोलिसांत विचारून झालं. पोलिसांनी गाडीचा रंग विचारला. मी सगळे सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

ता. क. २. माझा हिशेब असा की ती दोघं तुझ्याकडे येतील. पत्र आधी पोचेल, कारण बाबा सायकलच्या पुढे गाडी जाऊ देत नाहीत, इंजिन ऐकू येत नाही म्हणतात. पण येतील, तुझं दार बघतील, पुढे जातील. पुढे कुठे ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. म्हणून आता खरं मागणं लिहितो. भाऊजींची गाडी बिघडवून ठेव. त्यांना सांगू नकोस, गाडी रस्त्याला तोंड करून लाव आणि बोनेट उघडं ठेव. उघडं बोनेट बघून आपले बाबा पुढे गेले असं आजवर झालेलं नाही. ते उतरतील. त्यांना वाट्या दे, लागतील तितक्या. काहीही विचारू नकोस, पाठमोरे असतील तर पुढे जाऊन बघू नकोस. मी मिळेल त्या गाडीने निघतोच आहे. मी येईपर्यंत काम पुरलं पाहिजे, एवढंच बघ.

ता. क. ३. हे पत्र भावजयीने वाचलं. ती म्हणते, बाई जन्मात पहिल्यांदा कुठेतरी निघाली आहे आणि तुम्ही तिच्या रस्त्यात गाडी बिघडवायला निघालात. तेव्हा मागणं थोडं बदलतो. तू कार्बुरेटर बिघडव, वायरी तोड, टाकीत साखर घाल, तुला जमेल ते कर. त्यात ते रमले की आईला तुझ्याकडे आत घेऊन ये, खुर्चीवर बसव आणि तिला काय काय दिसलं ते विचार. तिला सांगू दे. पुढे जायचं की नाही ते तिने तिथे बसून ठरवावं, मी मधे पडणार नाही. फक्त ब्रेकला हात लावू नकोस. तेवढं एक काम त्यांना एकट्याने होत नाही.